पाळण्याचा चौथा पाय

हे मी आजवर कोणाला सांगितलं नाही. नवऱ्याला नाही, मुलीला तर नाहीच. तुम्ही परके आहात म्हणून जीभ उचलते आहे — घरात इतकी वर्षं दातखीळ बसलेली.

माझे सासरे — त्यांना मी मामाजी म्हणायची — आरागिरणीतून सुटले आणि ब्रह्मपुरीच्या आमच्या घरामागच्या टिनाच्या शेडमध्ये त्यांनी लाकूड कातायची खराद मशीन मांडली. नवरा गडचांदूरला सिमेंटच्या नोकरीत, सणावारी यायचा. मी रिकामी दिसते म्हणून मामाजींनीच हाक मारली. सासूबाईंनी नाक मुरडलं, "सून लाकडं कातन, अन् भात का मी रांधू?" मामाजी हसले आणि माझ्या हातात पटाशी दिली. आधी लाटणी, मग पोळपाट. लाकडाचा कीस भुरभुर उडायचा आणि मला — खरं सांगते — त्या घरात पहिल्यांदाच आपल्याला काही जमतंय असं वाटायचं.

त्यांचा नेम एकच. मशीनला लावण्याआधी लाकूड बोटाच्या पेराने वाजवायचं. धड लाकूड खणखणीत वाजतं, चिरलेलं भद्द बोलतं. भद्द बोललं की ते चुलीत, मग कितीही देखणं असो.

मला दिवस गेले तेव्हा पाळणा करायचं ठरलं. त्यासाठी मामाजींनी चांगलं सागवान राखून ठेवलं होतं. चारही पाय मी एकटीने कातणार, असं मी गल्लीभर सांगून बसले होते — मिरवायची हौस दांडगी. तीन झाले. चौथा कातून उतरवला, रंगासाठी परत मशीनला लावण्याआधी वाजवला. भद्द. पाहते तर केसाएवढी चीर. सागवान संपलेलं, आणि सासूबाई दारातून विचारताहेत, "होते का पुरा?"

मी काय केलं असेल? चिरेत भुसा भरला, वरून लाख वितळवून घोटली. दिसेनाशी झाली.

मामाजी पाय मशीनवर फिरवत रंग चढवायला आले. "वाजवून पाह्यलं का, बाई?"

"हो, मामाजी."

लाकडाच्या बाबतीत सख्ख्या भावावर विश्वास न ठेवणारा माणूस. माझ्या शब्दावर त्यांनी पाय मशीनला लावला. मशीन वेगात आली, पाय मधोमध फुटला, आणि एक तुकडा त्यांच्या उजव्या डोळ्यावर बसला.

त्यांना जीपमध्ये घालून गडचिरोलीच्या दवाखान्यात नेलं. पोटुशी म्हणून मला घरीच ठेवलं. मी दोन्ही तुकडे उचलले — एकाच्या कडेला लाख चकाकत होती — आणि चुलीत घातले. त्याच जाळावर भात शिजवला. जेवलेही.

डोळा गेला. पण मला सांगायचं आहे ते हे नाही — हे तर लहान आहे.

घरी आल्यावर मामाजी तेच तेच विचारायचे. "तू होतीस ना तिथी. लाकूड धरते ते मशीनचं टोक मी बराबर आवळलं होतं का नाई? मले आठवूनच नाई राह्यलं." बोलायची वेळ तीच होती, नाही का? फार तर शिव्या दिल्या असत्या. मी म्हणाले, "थोडं ढिलंच होतं, मामाजी."

त्यांनी मानलं. मशीन भंगारात दिली. पुढे पुढे तर पाण्याचा भरला गुंड उचलेनात, स्वतःची दाढी करेनात. गल्लीत मात्र माझं कौतुक — सासऱ्याचं किती करते! ते ऐकताना मला लाज वाटायची का? नाही. बरं वाटायचं.

मुलगी झाली. रांगायला लागली तशी ती त्यांच्याकडे झेपावायची, आणि मामाजी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसायचे. "घे हिले, बाई. माह्या हाताचा भरोसा नाई." ते जाईपर्यंत त्यांनी नातीला एकदाही उचललं नाही.

मुलगी आता मोठी झाली. तिला वाटतं, मुलगी झाली म्हणून आजोबा नाराज होते. परवाही म्हणाली, "जुन्या वळणाचा माणूस, आई. त्याले नातू पाह्यजे असन."

मी म्हणाले, "असन."