मामांचा नांगर

माझ्या बायकोच्या मामांसमोर जगातली कुठलीही वस्तू नुसती वस्तू म्हणून टिकूच शकत नाही. मामांनी हयातभर धुळ्याच्या एका शाळेत चित्रकला शिकवली आणि चर्चमधल्या चिन्हांचं वेड त्यांना तेव्हापासूनचं. लग्नाच्या पंगतीत ताटात मासा पडला की ते सुरू होतात. छळाच्या काळात पहिले ख्रिस्ती लोक जमिनीवर मासा रेखाटून एकमेकांना कसे ओळखत, हे सांगता सांगता ऐकणाऱ्यांचे मासे संपतात आणि मामांचा गार होतो. मग मामी शांतपणे म्हणतात, "ओळखला सगळ्यांनी. आता खा." एकदा आमच्या घरी संध्याकाळच्या प्रार्थनेत लाइट गेली म्हणून मेणबत्ती लावली. ज्योत स्वतः झिजते, उजेड दुसऱ्याला देते, चर्चनंही तसंच वागावं, असं मामा रंगात येऊन सांगत होते. तेवढ्यात लाइट आली, तर त्यांनी मला बटण बंद करायला लावलं. अंधाराशिवाय त्यांचा मुद्दा पुढं सरकत नव्हता.

नरडाण्याजवळच्या आमच्या छोट्या चर्चची दर्शनी भिंत रंगवायची ठरली, तेव्हा हे काम मामांकडे जाणार हे उघडच होतं. त्यांनी नांगर निवडला. नांगर म्हणजे जहाजाचा. वादळात जहाज धरून ठेवतो म्हणून ते आशेचं जुनं ख्रिस्ती चिन्ह आहे. मी कमिटीत होतो. आमचे अध्यक्ष आबा रेल्वेतून निवृत्त झालेले, सरळ रुळावरून चालणारे गृहस्थ. ते म्हणाले, "मामा, तापी सोडली तर इथं पाणी कुठंय? जहाज आणायचं कुठून?"

"इथल्या कारखान्यांत माणसं कुठून कुठून येतात, आबा. घर सुटलेल्या माणसाला कुठंतरी धरून ठेवणारं कोणी नको का? चर्च दुसरं कशासाठी असतं?"

ठराव मंजूर झाला. पण मामा तापानं आजारी पडले आणि शेजारच्या गावातल्या पेंटरला त्यांनी फोनवरच सांगितलं, "मध्ये मोठा नांगर काढ, वर क्रूस."

ताप उतरून मामाही आले त्या रविवारी आम्ही जमलो तर भिंतीवर शेतातला नांगर. लोखंडी फाळ, मूठ, खाली तपकिरी मातीत नांगरटीची ओढलेली तासं आणि वर क्रूस. काम इतकं जीव लावून केलेलं की चूक म्हणायलाही जीभ रेटेना. पेंटर हात पुसत म्हणाला, "हाऊ मना बापना नांगर शे, सर. जसा व्हता तसा काढा." बापाचा नांगर त्यानं होता तसाच्या तसा भिंतीवर उतरवला होता.

मामांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा भिंतीकडे पाहिलं. आबा म्हणाले, "लोक बी-बियाणं मागायला येतील. उद्या चुना फासून टाका." मामा खाली बघत "फासा" एवढंच म्हणाले. चित्रकलेच्या मास्तरला स्वतःच्या चर्चच्या भिंतीची लाज वाटत होती.

उपासना संपवून आम्ही बाहेर आलो. ऊन रणरणत होतं. फाटकाशी दहा-बारा बाया उभ्या होत्या. कांदा काढून परतताना त्यांचा टेम्पो रस्त्यात बंद पडला होता आणि सावलीसाठी त्या ज्या ज्या कारखान्याच्या गेटवर गेल्या, तिथून वॉचमननं त्यांना हाकललं होतं. एक बाई उन्हानं पार गळाली होती. दोघींनी तिला धरलेलं होतं. पुढची म्हातारी भिंतीकडे बोट करून म्हणाली, "नांगर देखीसन उनूत. मझार बसू का?" त्या वाटेनं ती कित्येकदा गेली होती, पण हीही एखादी कंपनीच असेल असं तिला वाटायचं; आज नांगर दिसला म्हणून ती इकडे वळली होती.

मामा म्हणाले, "या अक्का, आत या," आणि त्यांनी दोन्ही दारं उघडली. बाया पंख्याखाली फरशीवर टेकल्या. आबा भांडं शोधत होते. हाताशी काही लागेना, तेव्हा त्यांनी बाप्तिस्म्याच्या वेळी कपाळावर पाणी घालायचं पितळी पात्र उचललं, पाण्यानं भरलं, आपला रुमाल त्यात बुडवला आणि त्या बाईच्या कपाळावर ठेवला. आम्ही सगळ्यांनी मामांकडे पाहिलं. इतका अर्थ समोर वाहत असताना ते गप्प कसे राहणार? पण मामा गुडघे टेकून बाईच्या तोंडाशी गुळाचं पाणी धरत होते. थोड्या वेळानं तिनं डोळे उघडले आणि सगळ्यात आधी पदर सावरला.

टेम्पो सुरू झाला, बाया गेल्या. चुन्याचं काय, असं मी विचारलं तर आबा म्हणाले, "राहू द्या सध्या." पुढच्या आठवड्यात भिंतीच्या सावलीत बाक आला, पाण्याचा माठ आला. माठ आबा स्वतः भरतात. मामा कमिटीला म्हणाले, "चिन्ह आपल्याला समजून काय उपयोग? बाहेरच्याला आत यावंसं वाटलं पाहिजे." त्यांचं एवढं आटोपशीर भाषण आम्ही त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

आता काचबिंदूनं मामांची नजर जवळजवळ गेली आहे. रविवारी मी त्यांना धुळ्याहून गाडीतून घेऊन येतो आणि मागच्या बाकावर बसवतो. उपासनेच्या मध्येच ते माझा हात दाबून हळूच विचारतात, "दाराशी कोणी थांबलंय का, बघ बरं." मी उठून बघून येतो. बहुतेक वेळा समोर मोकळा रस्ता असतो आणि धूळ उडवत एखादा ट्रक गेलेला असतो. "कोणी नाही" म्हटलं की त्यांचा चेहरा पडतो. म्हणून हल्ली मी दार तसंच उघडं ठेवून परत येतो आणि त्यांच्या कानाशी वाकून सांगतो, "अजून नाही, मामा."