तेविसाव्या वर्षाचा रुपया

जयपूरला असताना मला नाण्यांचं खूळ लागलं, असं आमच्याकडे सगळे सांगतात. ते साफ चूक आहे. मला खूळ लागलं ते एकाच नाण्याचं, झाडशाही रुपयाचं, आणि तेही एकाच महाराजांच्या कारकिर्दीतल्या रुपयांचं. बाकीची नाणी कुणी फुकट दिली असती तरी मी घेतली नसती.

नवरा विमा कंपनीत अधिकारी. दोन हजार सालानंतर लगेचच बदली होऊन आम्ही तिलक नगरात राहायला आलो. मुलीला पैंजण घ्यायला जोहरी बाजारात गेले होते, तिथे सराफाने मोडीच्या चांदीतून एक जाडजूड रुपया काढला आणि तराजूत टाकला. त्यावर फारसी अक्षरं होती आणि त्यांच्यात एक छोटी डहाळी, पानांसकट. ही जयपूरच्या टांकसाळीची खूण. लोक तिला झाड म्हणतात, म्हणून रुपया झाडशाही. मी पैंजण तिथेच ठेवले आणि तो रुपया घेऊन घरी आले. मुलीला पुढे पैंजण मिळाले, पण ती गोष्ट ती अजून काढते.

महाराजांच्या राज्याचं कितवं वर्ष, तो आकडा या रुपयांवर असतो. दर वर्षाचा एक रुपया, अशी पहिल्यापासून शेवटपर्यंत ओळ लावायची, असं मी ठरवून टाकलं. त्यासाठी फारसी आकडे शिकले. लोक विचारत, एकाच नाण्याच्या मागे काय लागायचं? मला वाटतं, सगळं थोडं थोडं गोळा करणाऱ्याला काहीच धड दिसत नाही. एकच वस्तू पुन्हा पुन्हा हातात घेतली की दोन सारख्या वस्तूंमधला फरक कळायला लागतो, आणि मला त्यातच मजा येते.

पण या रुपयांत एक मेख आहे. ठसा मोठा आणि चांदीची चकती लहान. नजराण्याची रुंद नाणी पाडत तेव्हा त्यांवर सगळा मजकूर मावायचा, पण रोजच्या रुपयावर हातोडा जिथे पडेल तेवढाच तुकडा उमटायचा. कधी झाड अर्धं, कधी वर्षाचा एकच अंक, कधी तोही नाही. दुसऱ्या बाजूला इसवी सन असतो म्हणतात, पण तो तर कडेबाहेर जायचाच. म्हणून वर्ष स्पष्ट दिसणाऱ्या रुपयाला मान होता, आणि ज्याचं वर्ष कापलं गेलं तो नुसती चांदी.

दर रविवारी जोहरी बाजारातल्या एका माडीवर नाणेवाल्यांची बैठक असे. माडी एका वयस्क सेठजींची. पिढीजात सराफ, आणि जयपूरच्या नाण्यांबद्दल त्यांचा शब्द म्हणजे शेवटचा. दारापाशी एक मोठी पितळी थाळी ठेवलेली असे. तिच्यात वर्ष नसलेले रुपये. थाळीतून जे उचलाल ते तुमचं, भाव फक्त वजनाचा, असा तिथला रिवाज. जाणकार तिच्याकडे ढुंकूनही बघत नसत. मी मात्र दर खेपेला थाळी चिवडायची आणि सगळे गालातल्या गालात हसायचे.

हळूहळू ओळ भरत गेली. शेवटी एकच जागा उरली, तेविसाव्या वर्षाची. आणि तिच्यावरून माझं नि सेठजींचं वाजलं.

माझ्याकडे एक रुपया होता. त्यावर झाडाखाली तीनचा अंक दिसत होता आणि त्याच्या डावीकडे नाणं संपत होतं. तिसरं, तेरावं आणि तेहतिसावं ही तिन्ही वर्षं माझ्याकडे आधीपासून होती. त्या तिन्हींवरचं झाड वेगळं होतं, या रुपयावरचं वेगळं. शिवाय याच्या झाडाच्या खालच्या पानापासून एक बारीक उठावाची रेघ तिरपी वर गेली होती. ठशाला तडा गेला की तो नाण्यावर असा उमटतो. हे तेविसावंच, असं मी म्हणत होते. सेठजी म्हणाले, एका वर्षात कितीतरी ठसे बनायचे, वेगळ्या झाडाने काहीच सिद्ध होत नाही. मुद्दा बरोबर होता, म्हणून जास्तच झोंबला. पुढे ते जे म्हणाले ते मात्र मला सहन झालं नाही.

"भाभीजी, तेईस का सिक्का बना ही नहीं. टकसाल बंद रही होगी उस साल."

रही होगी! पुरावा मी द्यायचा आणि यांनी नुसतं 'होगी' म्हणायचं. त्या दिवशी मी चहा न पिता उठले. त्यानंतर माडीवर कुणी काही न सापडणारं शोधायला लागलं की लोक म्हणू लागले, भाभीजींचा तेवीस शोधतोय. नवऱ्याला ते विनोदी वाटायचं. मला अजिबात वाटायचं नाही.

अशात बदलीची ऑर्डर आली, नागपूरची. बाहेरगावी झाडशाही मिळायचा म्हणजे चुकून एखादा, आणि तोही कुणीतरी घासूनपुसून सपाट केलेला. ओळ पुरी व्हायची तर जयपुरातच, नाहीतर ती जागा कायमची रिकामी राहणार आणि सेठजी कायमचे खरे ठरणार. दुसऱ्या गोष्टीचं मला जास्त वाईट वाटत होतं.

शेवटच्या रविवारी नवराही निरोप घ्यायला आला. मी माझा रुपया पर्समध्ये टाकला होता, एकदा शेवटचं भांडून घ्यावं म्हणून. सवयीने थाळीपाशी वाकले. दिवाळीच्या आधी लोक घरातली जुनी चांदी मोडीत काढतात, त्यामुळे थाळी काठोकाठ भरली होती. चाळता चाळता एक रुपया हाताला लागला. झाड उजव्या कडेला सरकलेलं. खालच्या पानापासून तिरपी रेघ. आणि झाडाच्या खाली डावीकडे दोनचा अंक. त्याच्या पुढचा, झाडाखालचा अंक फुटक्या कडेत गेलेला.

मी पर्समधला माझा रुपया काढून त्याच्या शेजारी धरला. झाड तेच, तडा तोच, म्हणजे दोन्ही रुपये एकाच ठशाचे होते. हातोडा एकदा इकडे पडला, एकदा तिकडे. एकावर दोन उरला, एकावर तीन. एकेकटे दोघेही मुके, पण शेजारी ठेवले की तेवीस.

नवऱ्याने माझा चेहरा वाचला. कानाशी येऊन आमच्या कोल्हापुरीत म्हणाला, "गप वजन करून घे की. काय असंल ते खाली गेल्यावर बोलूया."

शहाणपणाचं तेच होतं. एकदा तोंड उघडलं की सेठजी तो रुपया ठेवून घेऊ शकत होते. थाळी त्यांची, माडी त्यांची. मग माझा रुपया पुन्हा एकटा, आणि मी नागपुरात बसून कुणाला काय दाखवणार? पण गुपचूप नेलेला तेवीस माझ्या काय कामाचा? तो नाही म्हणणारा माणूस समोर बसला होता. मी सरळ त्यांच्यापुढे जाऊन दोन्ही रुपये गादीवर ठेवले.

"सेठजी, वजन बाद में कीजिए. पहले ये दोनों साथ में देखिए."

त्यांनी भिंग घेतलं. एक पाहिला, दुसरा पाहिला, परत पहिला. रेघेवरून नखाचं टोक फिरवलं. पानं मोजली. खोटं कशाला सांगू, मी मनातल्या मनात गणपतीला मोदक कबूल करत होते.

"तेईस है," सेठजी म्हणाले. मग मान वर करून सगळ्यांना ऐकू जाईल असं पुन्हा म्हणाले, "तेईस बना था. भाभीजी सही थीं."

कुणीतरी टाळी वाजवली. दोघे-तिघे थाळीकडे धावले. सेठजींनी थाळीतला तो रुपया बोटांत धरून बराच वेळ पाहिला. आता हा त्यांनी ठेवला तर मी काय बोलणार, असा विचार माझ्या मनात येतो न येतो तोच त्यांनी तो तराजूत टाकला.

"थाली से उठाया है. भाव थाली का ही लगेगा."

मला रडू आलं. आनंदानेच आलं, लपवलंही नाही. जिंकल्यावर कसं वाटतं ते मला त्या माडीवर कळलं. अंगभर गुदगुल्या होत होत्या आणि नवरा माझ्याकडे असा बघत होता की जणू तो रुपया त्यानेच शोधला होता.

मी दोन्ही रुपये एका पुडीत बांधायला लागले, तर सेठजींनी हात वर करून थांबवलं. गादीवर सरकून त्यांनी आपल्या शेजारी जागा केली आणि भिंग माझ्या हातात दिलं.

"ये दरार वाली बात ज़रा शुरू से समझाइए."

बाकीचेही जवळ सरकले. मी त्या गादीवर बसले आणि तड्याची गोष्ट पहिल्यापासून सांगायला लागले.