वरच्या सुळ्याची नस

रूट कॅनाल हा शब्द आमच्या घरात कोणी वापरत नाही. आम्ही म्हणतो, नस मारली. 'समोरच्या काकूंनी नस मारून घेतली', 'तुझ्या दाढेची नस मारलेली आहे ना?' असं सरळ. मी बेलापूरच्या सरकारी कचेरीत आयुष्यभर कारकुनी केली, कागदावरच्या एकेका शब्दाची चिरफाड केली, पण या शब्दाकडे कधी लक्ष गेलं नाही. ते आईच्या दाताने वेधून घेतलं.

आई माझ्याकडे नेरूळला राहते. मूळची मालवणाकडची, आणि इतकी वर्षं इथे काढूनही बोलते मालवणीच. तिच्या डाव्या डोळ्याला दिसत नाही. काचबिंदू होता आणि तो उशिरा कळला, असं डोळ्याच्या डॉक्टरांनी तिला नीट चित्र काढून समजावलं होतं. आईने मान डोलावली आणि बाहेर आल्यावर मला म्हणाली, "दात काढल्यान आणि डोळो गेलो. आता काचबिंदूवर ढकलतत." कारण गावी असताना तिने डावीकडचा वरचा दात काढून घेतला होता आणि नजर कमी व्हायला लागली ती त्यानंतर. वरच्या दातांच्या नसा डोळ्यांना जोडलेल्या असतात हे तिकडे लहान पोरही सांगेल. आईजवळ तर पुरावा होता.

आणि मग उजवीकडचा सुळा ठणकायला लागला. वरचाच.

तिने आधी लवंग धरली, मग लवंगेचं तेल, मग मिठाच्या गुळण्या. मी म्हटलं, चल दाखवू या. ती म्हणाली, "काढतले."

"नाही काढणार गं. आता दात वाचवतात. नुसती नस मारतात."

मी हे बोलले आणि तिचा चेहरा असा उतरला की बास. मला वाटलं होतं मी धीर देतेय! ज्या नसेला ती इतकी जपत होती, तीच मारायची गोष्ट मी केली होती. "माझो एकच डोळो रवलो आसा," ती म्हणाली. "नस मारल्यावर तो कसो जगतलो?"

त्यात माझा भाऊ. ऐरोलीला आयटीत आहे, शिकलेला आहे, आणि व्हॉट्सॲपवर येईल ते वेदवाक्य. त्याने व्हिडिओ पाठवला. कोणीतरी परदेशी बाबा सांगत होता की रूट कॅनाल केलेला दात म्हणजे तोंडात ठेवलेलं मढं, त्यातून विष रक्तात उतरतं, त्यातून कॅन्सर होतो, आत भरलेल्या रसायनांचं तर विचारूच नका. खाली भावाने लिहिलं होतं, 'ताई, घाई करू नकोस.' मी त्याला फोन करून म्हटलं, "घाई तू करू नकोस. रात्रंदिवस कण्हणं मी ऐकतेय. तू ये, चार दिवस उशाशी बस, आणि मग व्हिडिओ पाठव." तो म्हणाला, "तू लगेच चिडतेस." चिडतेच मी. पण तो व्हिडिओ मी शेवटपर्यंत पाहिला, आणि पुन्हा एकदा पाहिला, हेही खरं.

एका सकाळी आई चहाला आली ती गालावर पदर धरून. पदर काढला तर सूज नाकाच्या बाजूने वर चढलेली, उजव्या डोळ्याची खालची पापणी फुगून डोळा अर्धा मिटलेला. आरशात पाहून ती आली होती. आता चप्पल घालून दारात उभी राहिली. मी गॅस बंद केला आणि रिक्षा बोलावली.

आमच्या सेक्टरात, मिठाईच्या दुकानाच्या वर, एका तरुण मुलीचा दवाखाना आहे. मराठवाड्यातून शिकून आलेली, बोलायला शांत. तिने एक्सरे काढला. सुळ्याच्या टोकाशी पू होता. ती आईला म्हणाली, "आजी, तुम्हाला डोळ्याची भीती वाटते ना? मग हे असंच ठेवलं तर ती भीती खरी होऊ शकते. हा पू वर चढतोय."

म्हणजे केलं तरी डोळा, नाही केलं तरी डोळा. आई माझ्याकडे बघत राहिली. मी व्हिडिओतले सगळे प्रश्न तिथेच काढले. डॉक्टरीण हसली नाही, हे मला आवडलं. म्हणाली, "पूर्वी दातात औषध ठेवून खरंच नस मारत. त्यात सोमल, म्हणजे आर्सेनिक असायचं, नंतर फॉर्मॅलिनवाल्या पेस्ट आल्या. त्यांनी काही लोकांना त्रास झाला, ते खोटं नाही. मी तसलं काही वापरत नाही. आणि कॅन्सरचं म्हणाल तर रूट कॅनालने तो होतो असं सिद्ध झालेलं नाही. या दाताची नस मी मारणार नाही, काकू. ती बहुतेक आधीच मेली आहे. मी फक्त आत साफ करणार."

सूज असताना बधिर करायचं इंजेक्शन नीट चढत नाही म्हणून तिने तसाच दात उघडला. पू निघाला आणि आईने इतका मोठा सुस्कारा टाकला की मलाच हलकं वाटलं. मग आत काहीतरी पांढरं भरायला घेतलं. "हे काय?" मी विचारलंच. "कॅल्शियम हायड्रॉक्साइड. चुनाच म्हणा, औषधी." आई तोंड उघडं ठेवून हातवारे करायला लागली. डॉक्टरीण थांबली तेव्हा आई म्हणाली, "चुनो? मगे आधी सांगूचो नाय! भर." जन्मभर पानाला चुना लावून खाल्लेली बाई ती. मी तिच्या पानावरून किती डोकं आपटलं होतं, आणि आज तोच कामाला आला.

संध्याकाळी भावाचा फोन. "ताई, हे दवाखानेवाले चुना लावतात, मी सांगतो तुला."

"लावलाच," मी म्हटलं. "दातात." त्याला कळलं नाही. मी समजावलंही नाही.

सूज उतरली. दुसऱ्या खेपेला दात कायमचा भरायचा होता. डॉक्टरिणीने ट्रेमध्ये गुलाबी काड्या मांडल्या होत्या, सुईसारख्या बारीक, जरा वाकणाऱ्या. त्यांना गटापर्चा म्हणतात. तो एका झाडापासून मिळतो असं तिने सांगितलं आणि मला वाटलं, वा, रसायन नाही, नैसर्गिक आहे, आई खूश होईल. म्हणून मी आपलं शहाणपण पाजळलं : "आई, घाबरू नको. झाडाचा चीक आहे नुसता."

आईने तोंड मिटलं ते फटकन.

"चीक? माझ्या तोंडात? तुका येड लागला काय गो? काजीचो चीक लागलो की कातडी सोलवटता."

तिचं बरोबर होतं! लहानपणी आंब्याचा चीक ओठाला लागून आठवडाभर माझं तोंड माकडासारखं झालं होतं. तेव्हा खोबरेल लावत तीच बसली होती. कोकणातल्या बाईला चीक म्हणजे नैसर्गिक, असं सांगणारी मी कोकणातलीच. कपाळावर हात मारून घेतला मी.

डॉक्टरिणीने मात्र हातातलं सगळं खाली ठेवलं. रबराच्या चिकाचं कोणाकोणाला वावडं असतं, म्हणून फुगा फुगवताना ओठ सुजले होते का, रबरी हातमोज्यांनी कधी खाज आली का, सगळं विचारलं. तसं काही नव्हतं. हा चीक काजूसारखा पोळत नाही, त्यात इतरही बरंच मिसळलेलं असतं, तरी पण मी रबराचे मोजे बदलते, म्हणाली. आईचं समाधान होईना. शेवटी तिने एक काडी मागून घेतली, गावी नवीन पाला कोणाला सोसतो का ते बघतात तशी मनगटाच्या आत चोळली आणि बाहेर बाकावर जाऊन मनगट बघत बसली. डॉक्टरिणीने तेवढ्यात दुसरा पेशंट घेतला. मनगट लाल झालं नाही. आई आपणहून उठून आत गेली.

दाताच्या टोकाशी मागच्या खेपेला थोडं दुखलं होतं, म्हणून या वेळी इंजेक्शन होतं. ते सुळ्याच्या वर दिलं. डोळ्यांवर दिव्यासाठी काळा चष्मा लावला. आई शांत पडली होती. आणि मग एकदम तिचा हात हवेत माझा हात शोधायला लागला.

"पापणी खंय गेली?" ती म्हणाली. ओठ बधिर, शब्द घसरत होते. "माका पापणी कळणा नाय. डोळो गेलो गो. गेलो माझो डोळो."

"आजी, तिथली नस डोळ्याच्या खालून जाते, म्हणून पापणी बधिर होते. तासा-दोन तासांत येईल," डॉक्टरीण म्हणत होती. तिथली नस. डोळ्याच्या खालून. म्हणजे आई इतकी वर्षं जे सांगत होती त्यात काहीतरी होतं तर! आणि इतका वेळ सगळ्यांना शहाणपण शिकवणारी मी! मला वाटलं, गेला. खरंच गेला. मीच रिक्षा बोलावली, मीच धीर दिला, मीच म्हटलं काही होत नाही. आता ही अंधारात बसून राहणार, आणि मी तिला रोज ताट वाढणार.

मी तिच्या डोळ्यांवरचा चष्मा काढला. दिवा बाजूला केला. उजवा डोळा उघडा होता, पण ती वर छताकडे बघत होती. मला विचारवेना.

आईने मान माझ्याकडे वळवली. डोळा बारीक करून बराच वेळ बघत राहिली.

"तुझ्या नाकातसून पाणी येता, पूस आधी," ती म्हणाली. "रडतंस कित्याक गो?"

मग तिने माझा हात सोडला आणि डॉक्टरिणीकडे वळून तोंड उघडलं.