माल कवरा? खरा सांग

हवा भरून झाली की काका उजव्या हाताचं बोट जिभेला लावत आणि ते ओलं बोट टायरच्या वॉल्व्हवर टेकवत. मग तसेच वाकून थांबत. थुंकीचा बुडबुडा आला तर वॉल्व्ह गळतोय, नाही आला तर टोपी बसवायची. हे बघायला क्षणभर पुरतं. काका बराच वेळ बघत. मागचे ड्रायव्हर हॉर्न वाजवत. काका मान वर न करता म्हणत, "वाजव, वाजव. तुझ्या हॉर्नात हवा बरीक भरपूर हाय."

ऐंशीच्या दशकात तुम्ही ठाण्यातल्या खोपटच्या एसटी डेपोवरून जात असाल, तर भिंतीला टेकलेली ती पत्र्याची टपरी तुम्ही पाहिली असेल. एक कॉम्प्रेसर, पंक्चर शोधायला काळ्या पाण्याची घमेली आणि गिऱ्हाइकांसाठी एक बाकडं. काका खाडीकाठच्या कोळीवाड्यातले. खाडीत मासळी लागेनाशी झाली तेव्हा ते होडी सोडून हवेच्या धंद्यात आले. हवेची नळी फाटली तर ती जाळं विणायच्या दोऱ्याने बांधत. ती गाठ पुन्हा सुटत नसे.

टेंभी नाक्याजवळ आमच्या दैनिकाचं जिल्हा कार्यालय होतं. पुरवण्यांचे गठ्ठे घेऊन ऑफिसची पिकअप सकाळी कल्याण-डोंबिवलीला निघायची आणि तिकडची बातमी असली की मीही तिच्यातून जायचो. वाटेत खोपटला हवा तपासायची, हा आमच्या ड्रायव्हरचा नेम. काकांची ओळख तिथली.

त्यांच्या खिशात पेनसारखं दिसणारं पितळी गेज असायचं. पण ते बाहेर काढण्याआधी ते प्रत्येकाला एकच प्रश्न विचारत.

"माल कवरा? खरा सांग."

कवरा म्हणजे केवढा. प्रश्न साधा होता आणि कामाचा होता. रिकाम्या पिकअपमध्ये कडक हवा भरली तर गाडी उडते. भरलेल्या गाडीत हवा कमी असली तर टायर दबून चालतो, तापतो आणि फुटतो. म्हणजे किती हवा हवी हे गाडीवर काय लादलंय त्यावर ठरतं. काका म्हणत, "गेज आतला सांगतंय. वरचा कोन सांगनार?"

वरचा खरा कोणी सांगत नसे. जास्त माल भरणं हा गुन्हा, आणि नाक्यानाक्यावर खोटं बोलून ड्रायव्हरांची जीभ तशीच वळलेली. एकदा कल्याणच्या बाजारातून आलेला ड्रायव्हर म्हणाला, "रिकामीच आहे काका, थोडे कांदे आहेत." काकांनी मागच्या चाकांवरच्या स्प्रिंगच्या पाट्यांकडे बोट केलं. पाटे सपाट झाले होते.

"थोडं? सगल्या ठान्याच्या डोल्यांना पानी येईल, कवरं कांदं हायत. खरा सांग, नायतं फुडं हो."

त्याने खरं सांगितलं. सांगेपर्यंत काकांनी नळी हातात घेतली नव्हती.

आमच्याही गाडीला सूट नव्हती. मी एकदा म्हणालो, "काका, पेपरच तर आहेत. त्यांचं काय वजन?"

"तुज्या बातम्या हलक्या," काका म्हणाले. "कागद जड असतंय."

नवरात्रात टेंभी नाक्याकडे देवी नेणारी एक पिकअप आली होती. मंडळाची पोरं गुलालाने माखलेली. काकांनी नेहमीचा प्रश्न विचारला, तसा एक कार्यकर्ता चिडला. "काका, देवीचं वजन विचारता? काही वाटतं का?"

"देवीला कोन इचारतंय? ती बसली हाय गप. तुमी कवरी जना चडनार वर, ता सांग."

पोरं हसली. चढलेल्यांपैकी निम्मी खाली उतरली. काकांनी आधी देवीला हात जोडले, मग हवा भरली.

देवीच्या गाडीलाही प्रश्न विचारणाऱ्या काकांनी एका माणसाला तो कधी विचारला नाही. तो त्यांचा जावई.

काकांना एकच मुलगी. लग्नाआधी ती डबा घेऊन टपरीवर यायची आणि काकांचं जेवण होईपर्यंत बाकड्यावर बसून येणाऱ्या ड्रायव्हरांना बापाच्याच आवाजात विचारायची, "माल कवरा? खरा सांग." ड्रायव्हर फसायचे आणि सांगायचे. डोंबिवलीच्या बाजूला, स्वतःची पिकअप असलेल्या मुलाशी तिचं लग्न झालं. त्याला भाड्याची कामं भरपूर होती. माणूस कष्टाळू, बोलायला कमी. तो आला की काका हात धुऊन उभे राहत. रांगेत कोणी असलं तरी त्याची गाडी पहिली. बाकडं पुसलं जाई, समोरून चहा येई. आणि तो म्हणेल तेवढी हवा भरली जाई.

लग्नाला दोनेक वर्षं झाली होती. एका सकाळी आम्ही रांगेत असताना जावयाची पिकअप आली. हौद्यात गादी घातलेली आणि तिच्यावर घरच्या बायका बसलेल्या. काकांची मुलगी कडेला होती. पुढे केबिनमध्ये तिची सासू, मांडीवर तान्ही नात. सगळे खडवलीला नात्यातल्या साखरपुड्याला निघाले होते. खडवली उलट्या दिशेला, पण मुलीला जाताना बापाला लेक दाखवायची होती, म्हणून सासरच्यांनी ठाण्याचा फेरा मारला होता.

"मामा, मागं बाया हायत," जावई म्हणाला. "हवा जराशी काढा. गाडी उडतं."

"काढतू ना," काका म्हणाले आणि मागच्या चाकाशी बसले. वॉल्व्ह दाबल्याचा फुस्स असा आवाज बराच वेळ आला.

हौद्यातून मुलगी ओरडली, "बाबा, सगल्यांना इचारतंस, यांना नाय इचारलास? माल कवरा, खरा सांग!"

बायका हसल्या. जावई लाजला. रांगेतले ड्रायव्हर हसले, आम्हीही हसलो. काका उठता उठता म्हणाले, "गप गो. जावयाला इचारतान का कवा?"

मग त्यांनी नातीच्या गालाला बोट लावलं. बोट ग्रीसचं होतं. गालावर काळा ठिपका उठला. सासू म्हणाली, "बरा झाला, तीट लागली."

येताना गाडी रिकामी आणायची नाही, हा भाड्याने गाडी चालवणाऱ्यांचा शिरस्ता. खडवलीजवळच्या भट्टीवरून जावयाने विटा भरल्या. त्या डोंबिवलीच्या एका बांधकामावर टाकायच्या होत्या. गादी विटांवर अंथरली आणि बायका तिच्यावर बसल्या. कल्याणच्या अलीकडे उतारावर मागचं डावं टायर फुटलं. गाडी विटांच्या वजनासकट त्याच अंगाला उलटली. काकांची मुलगी त्या बाजूला बसली होती. ती जागच्या जागी गेली. बाकीच्यांचे हातपाय मोडले. केबिनमधल्यांना, म्हणजे जावई, त्याची आई आणि तान्ही मुलगी यांना, विशेष लागलं नाही.

बातमी मीच केली. पोलिसांनी सांगितलं तशी, चार ओळींची. टायर फुटून पिकअप उलटली, विवाहितेचा मृत्यू.

दिवस-कार्य झाल्यावर काका आमच्या ऑफिसात आले. याआधी ते कधी आले नव्हते. पांढरा सदरा घातला होता, त्यामुळे मला ओळखायला वेळ लागला. त्यांनी पेपरची घडी टेबलावर ठेवली.

"टायर फुटला, यो कोनी सांगितला?"

"पोलिसांनी."

"टायर आपला आपन फुटतंय का? हवा मी काढली. विटा त्यानं भरल्या. दोनी लिव."

मी त्यांना सांगितलं की पोलिसांच्या कागदावर आल्याशिवाय असं छापता येत नाही. त्यांनी मान हलवली. घडी परत उचलली आणि विचारलं, "कुठलं पोलीस?"

ते अपघाताच्या हद्दीतल्या पोलीस ठाण्यात गेले. तिथल्या हवालदाराने मला नंतर ते सांगितलं, तेही न हसता. काका समोर बसून म्हणाले, माझा जबाब घ्या. हवालदार म्हणाला, "काका, हवा काढली हा गुन्हा मी कुठल्या कलमात बसवू?" काका म्हणाले, "कलम तुमी बगा. मी हवा काढली, ता लिवा. विटा व्हत्या, ताय लिवा."

हे दोन्ही लिहिलं जाणं कोणालाच नको होतं. जावयाच्या घरच्यांचा निरोप आला होता, टायर मुळातच खराब होतं एवढं काकांनी सांगावं. हवेचा जाणता माणूस आणि मुलीचा बाप, त्याच्या शब्दाला वजन होतं. तसं झालं तर जावई सुटेल आणि पोरीला निदान बाप राहील. उलट कोळीवाड्यातले लोक म्हणत होते, हवेचं बोलूच नका, सगळं त्याच्यावर टाका, जाऊ दे आत. काकांनी दोघांनाही एकच उत्तर दिलं. "टायर चांगला व्हता. मीच लावलेला."

जबाब नोंदला गेला. जावयावर खटला उभा राहिला. त्याच्या आईने सांगून पाठवलं की नात आता ठाण्याला येणार नाही.

काका दुसऱ्या दिवसापासून टपरीवर होते. प्रश्न तोच होता, पण आता उत्तर मिळाल्यावरही ते उठून मागे जात, ताडपत्री वर करून बघत आणि मगच नळी घेत. ड्रायव्हर वैतागायचे, तरी कोणी तसं बोलून दाखवत नव्हतं. हॉर्न मात्र त्या टपरीपुढे वाजेनासे झाले.

खटला कल्याणला रेंगाळत चालला. शेवटी जावयाचा परवाना काही काळासाठी गेला आणि प्रकरण मिटलं. तोवर नव्वदचं दशक लागलं होतं. नातीला काकांनी त्या सकाळनंतर पाहिलं नव्हतं.

एका दुपारी आम्ही टपरीवर असताना जावयाची पिकअप आली. तीच गाडी, एका अंगाला पत्रा नवा. तो पुढे घुसला नाही, रांगेत उभा राहिला. काकांनी पाहिलं. हात धुतले नाहीत, बाकडं पुसलं नाही. आधीच्या गाड्या क्रमाने झाल्या. मग ते जावयाच्या मागच्या चाकाशी जाऊन उभे राहिले.

"माल कवरा? खरा सांग."

जावई खाली उतरला होता. तो म्हणाला, "रिकामी हाय, मामा."

काका मागे गेले. ताडपत्री वर केली. आत घडी केलेल्या गोणपाटावर एक मुलगी बसली होती, पाच-सहा वर्षांची, दोन वेण्या घातलेली. ती त्यांच्याकडे बघत राहिली. तिने त्यांना ओळखायचं काही कारण नव्हतं.

"ही रिकामी?" काकांनी विचारलं.

"तुमच्याकरं आनली. फुडं दार लागत नाय नीट, म्हनून मागं..." जावई थांबला. मग म्हणाला, "नाय. रिकामी नाय. पोर हाय."

काकांच्या हातात ताडपत्री तशीच होती.  जावई खाली बघत म्हणाला, "विटांचा सकालीच ठरला व्हता. तुमी इचारला असता तं मी सांगितला असता, मामा. तुमच्याशी खोटा नसतो बोललो."

 काका म्हणाले, "ठावं हाय मना."

त्यांनी मुलीला उचलून खाली घेतलं आणि केबिनमध्ये नेऊन बसवलं. न लागणारं दार जाळ्याच्या दोऱ्याने बांधलं. मग चारही टायर गेज लावून तपासले, हवा भरली आणि प्रत्येक वॉल्व्हवर ओलं बोट टेकवलं. मागच्या डाव्या चाकाशी ते इतका वेळ वाकून राहिले की आमचा ड्रायव्हर खाली उतरून त्यांच्याकडे गेला. बुडबुडा नव्हता. काकांनी टोपी बसवली आणि ते ड्रायव्हरचा हात धरून उठले.

जाताना मुलीने खिडकीतून विचारलं, "यो कोन?" बापाने काय सांगितलं ते गाडीच्या आवाजात ऐकू आलं नाही.

त्यानंतर नात महिन्या-दोन महिन्यांनी टपरीवर यायची. काका तिला बाकड्यावर बसवत. तिने कोणाला काही विचारल्याचं मी ऐकलं नाही. काकांनी तिला तो प्रश्न शिकवला नव्हता.

पुढे रस्ता रुंद झाला आणि टपरी गेली. काका त्याआधीच अंथरुणाला खिळले होते. टपरी हलवल्याचं त्यांना सांगितलं गेलं नाही. ते गेले तेव्हा मी दुसऱ्या जिल्ह्यात होतो.

परत आल्यावर जावई मला एकदाच दिसला, ठाण्यातल्या एका पेट्रोल पंपावर. तिथे हवेचं नवं यंत्र बसवलं होतं. आकडा लावला की तेवढी हवा भरते आणि यंत्र शिटी मारून आपोआप थांबतं. पंपावरच्या पोऱ्याने त्याच्या पिकअपला नळी लावली. त्याने काही विचारलं नव्हतं.

जावई त्याच्याजवळ जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "लादी हाय मागं. सहाशे किलो. खरा सांगतो."

पोऱ्याने वर पाहिलं. "मला काय करायचंय?"

यंत्राने शिटी मारली. पोऱ्या नळी गुंडाळून दुसऱ्या गाडीकडे गेला. जावई मागच्या डाव्या चाकाशी खाली बसला, बोट जिभेला लावलं, वॉल्व्हवर टेकवलं आणि बघत राहिला. मागून हॉर्न वाजायला लागले.