पंचांगातला की खिडकीतला

शरदचा फोन आला तेव्हा मी उरणला लेकीकडे होते. "काकू, आई गेली," तो म्हणाला. मी विचारलं, "अंगणातली सुपारी कोणी झाकली का?" काकूचंही डोकं गेलं, असं त्याला वाटलं असणार. पण उरणला तेव्हा पाऊस पडत होता, आणि तो मार्गशीर्षात पडत होता. इंदूवहिनी गेल्या म्हटल्यावर मला आधी तेच सुचलं. रडू नंतर आलं, तेही थोडंच.

इंदूवहिनी माझी थोरली जाऊ. नागावच्या वाडीत आमची घरं दोन, अंगण एक. त्या सातवी शिकलेल्या, मी चौथी, आणि हे त्या मला महिन्यातून एकदा तरी ऐकवायच्या. सासूबाईंचा नियम असा, की दिवाळी झाली की सुपारी अंगणात पसरायची आणि शिमग्यापर्यंत वर बघायचं नाही. ऊन खाऊन खाऊन ती सालात खुळखुळ वाजायला लागली की सोलायला घ्यायची. आमच्यापैकी कुणी चुकून आभाळाकडे बघितलं तर सासूबाई विचारायच्या, "काय गो, माहेरचं माणूस वरून उतरायचंय का?" त्यांच्यामागेही आम्ही दोघींनी तो नियम पाळला. आणि बरीच वर्षं वर बघायचं कारणही पडलं नाही.

मग एका मार्गशीर्षात दोन दिवस पाऊस लागला. अख्खं अंगण भिजलं. सुपारी वरून वाळली, पण फोडली तर आतून काळी. वहिनींनी तो दोष स्वतःवर घेतला. तेव्हापासून त्या सारख्या वर बघायला लागल्या. पौषात पंखा लावायच्या, संक्रांतीला छत्री दाराशी टांगून ठेवायच्या. आंब्याला भलत्याच महिन्यात मोहोर आला, त्या दिवशी त्यांनी मला दोनदा विचारलं, "हा महिना कुठला गो?" दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा मी म्हटलं, "वहिनी, तुमचं डोकं उतरणीला लागलंय." माझं तोंड असंच आहे. मीही तेव्हा उकाड्याने पदराने वारा घेत होते, पण ते माझ्या ध्यानात आलं नाही.

त्यांना ते लागलं. कारण सासूबाई शेवटची चार वर्षं कुणाला ओळखत नव्हत्या. ताट समोर असताना जेवायला मागायच्या. त्यांचं न्हाणंधुणं, भरवणं आम्ही दोघींनीच केलं होतं, त्यामुळे पुढे काय काय होतं ते वहिनींना पाठ होतं. एकदा विहिरीवर त्यांनी हळूच विचारलं, "माझं तसं होतंय का गो? खरं सांग." मी बादली उचलली आणि घरी आले.

शरद, त्यांचा मुलगा, पनवेलला असतो. त्याने ठरवलं, अलिबागच्या डॉक्टरांना दाखवायचं आणि दोष निघाला तर आईला पनवेलला न्यायचं. घराला कुलूप, वाडी कुणाला तरी कसायला. वहिनी बरं म्हणाल्या. पण रिक्षात बसल्यापासून कमरेची चावी त्यांनी मुठीत धरली होती.

डॉक्टरीण तरुण होती. नाव विचारलं, गाव विचारलं, शंभरातून सात वजा करायला लावले. सगळं बरोबर आलं. मग तिने विचारलं, "आजी, सध्या ऋतू कोणता चालू आहे?" वहिनी वर बघायला लागल्या. पौष महिना, डोक्यावर पंखा गरगरतोय, आणि बाहेर पत्र्यावर धो धो पाऊस. शरदने मान खाली घातली. मलाही वाटलं, संपलं.

वहिनी म्हणाल्या, "पंचांगातला सांगू की खिडकीतला?"

डॉक्टरणीने मागे वळून खिडकीकडे बघितलं. मग म्हणाली, दोन्ही सांगा. "पंचांगात हेमंत. खिडकीत आषाढ. आणि माझ्या पाठीला विचारलंस तर वैशाख." ती पोर हसायला लागली ती थांबेना. डोक्यात काही दोष नाही, कानात मळ आहे, एवढं तिने कागदावर लिहून दिलं. तो कागद वहिनींनी घडी करून ब्लाउजमध्ये ठेवला. एस.टी. स्टँडवर आम्हाला वडे खायला घातले आणि मला विचारलं, "मग, कुणाचं डोकं गो उतरणीला लागलंय?" मी म्हटलं, "माझं." त्या दिवसाइतका हलका वडा मी पुन्हा खाल्ला नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी निळी ताडपत्री आणवली आणि सासूबाईंचा नियम मोडीत काढला. आता रोज वर बघायचं, म्हणाल्या. आपण होतो तशाच आहोत, वरचं बदललंय. पुढची दोन वर्षं त्या ताठ मानेने वर बघत जगल्या. मी उरणला निघाले त्या सकाळी ऊन लख्ख होतं, तरी त्या म्हणाल्या, "दुपारी झाकावी लागेल." मी म्हटलं, काहीतरीच तुमचं.

त्याच संध्याकाळी मी नागावला परत पोचले. जेवून आडव्या झाल्या त्या उठल्याच नाहीत, असं शरदने सांगितलं. चावी कमरेलाच होती. लोक म्हणाले, थोरली जाऊ गेली आणि ही रडत नाही. रडण्याजोगं काय होतं? ज्याची धास्ती होती ते झालं नाही. स्वतःच्या घरात, सगळ्यांना ओळखत गेल्या. मला तर सुटल्यासारखं वाटलं, आणि ते सांगायला मला लाज नाही.

माणसं पांगल्यावर मी अंगणात गेले. ताडपत्री पसरलेली होती, चारही कोपऱ्यांवर नारळ ठेवलेले. वर पाण्याचं तळं साचलं होतं. एक कोपरा उचलून हात आत घातला आणि एक सुपारी कानाशी हलवली.

वाजत होती.