चौऱ्याण्णव, हजर

माझा भाऊ कॅझ चौतीस वर्षांचा झाला तेव्हा त्याच्याहून लहान असलेल्या एका माणसाने त्याला केबिनमध्ये बोलावून सांगितलं की आता तुझं वय झालं.

त्या माणसाचं नाव टिलॉट्सन. आमच्या गावच्या एरी टग्ज या अमेरिकन फुटबॉल संघाचा नवा प्रशिक्षक. दाढी कोरलेली, बूट पांढरेशुभ्र आणि बोलणं इतकं गोड की ऐकणाऱ्याला वाटावं आपल्यावर उपकारच होताहेत. मला तो पहिल्या दिवसापासून आवडला नाही, आणि मी ते कधी लपवलंही नाही.

कॅझचं काम सांगायला सोपं. रांगेच्या अगदी डाव्या टोकाला, बाकीच्यांपासून थोडं सुटं, एक हात जमिनीला टेकवून वाकायचं. चेंडू हलला की समोरच्या डोंगराएवढ्या राखणदाराला वळसा घालून आत घुसायचं आणि मागे उभ्या असलेल्या फेकणाऱ्याला, त्याने चेंडू फेकायच्या आत, लोळवायचं. बस्स. शाळेत हेच, कॉलेजात हेच, आणि मग इतकी वर्षं आपल्याच गावच्या संघात हेच. त्याचं चित्र पोस्टरवर कधी आलं नाही. दुसऱ्यांच्या पोस्टरमध्ये मागे कुठेतरी त्याचा खांदा दिसतो. तो खांदा मी ओळखते, कारण आई गेल्यावर त्याचे शर्ट मीच शिवत होते आणि ते दर दोन महिन्यांनी तिथेच उसवायचे.

लहानपणापासून त्याला कुणाच्या हातात काही धरलेलं बघवत नसे. चर्चच्या सहलीत फादर झेनॉन केक घेऊन निघाले होते. ह्याने त्यांना केकसकट हिरवळीवर आडवं केलं. सगळे हबकले. आमचे वडील, आम्ही त्यांना ताता म्हणतो, तेवढे मात्र खो खो हसले आणि म्हणाले, "हा कडेने आला, बघितलंत? फादरना दिसलाच नाही!" त्या दिवसापासून तातांना मुलाचं कौतुक, आणि कॅझला तातांच्या कौतुकाचं व्यसन. त्याचं लग्न झालं, मोडलं. घर घेतलं ते तातांच्या घरापासून दोन गल्ल्यांवर. ते व्यसन सुटलं नाही.

तातांनी इंजिनांच्या कारखान्यात जन्मभर वेल्डिंग केलं. म्हातारपणी नजरेच्या मधलं दिसायचं गेलं आणि कडा तेवढ्या राहिल्या. तुमचं तोंड बघायचं असेल तर ते तुमच्या कानाकडे बघतात. नवीन माणसाला वाटतं म्हातारा शिष्ट आहे. स्टेडियममध्ये ते तोंड फिरवून पॉपकॉर्नवाल्याकडे बघत बसतात, म्हणजे मैदान त्यांच्या नजरेच्या कडेला येतं. मधल्या घोळक्याचा त्यांना नुसता लगदा दिसतो. पण टोकाला एकटा वाकलेला माणूस कसाबसा सापडतो. मग शेजारी कोण बसलंय याची चौकशी न करता त्याला कोपर मारून सांगायचं, "तो कडेचा बघ. तो माझा."

तर टिलॉट्सनने कॅझपुढे दोन गोष्टी ठेवल्या. गुडघा मंदावलाय, आता कडेवर तरुण पोरगा खेळेल. तू बाजू बदल, आपल्या फेकणाऱ्याचा राखणदार हो. नाहीतर दूर वाळवंटातल्या टूसॉनचा संघ तुला मागतोय, ते तुला तुझ्या जुन्या जागेवर खेळवतील, त्यांच्याशी खेळाडूंची अदलाबदल करतो. अदलाबदलीची मुदत नोव्हेंबरच्या पहिल्या मंगळवारी संपते. "तोवर करून बघ. नाही जमलं तर सांग, मी तुला अडवणार नाही." अडवणार नाही म्हणे! अडवला असता तर बरं झालं असतं, निदान शिव्या द्यायला कुणीतरी मिळालं असतं.

त्या शुक्रवारी मी चर्चच्या हॉलमध्ये मासे तळत होते. दर शुक्रवारी तळते, अर्धं गाव जेवायला येतं. कॅझ मागच्या दाराने आत आला आणि न सांगता बटाटे सोलायला बसला. त्याच्या हातात बटाटा लिंबाएवढा दिसतो.

"जन्मभर घरफोडी केली," तो म्हणाला, "आता म्हणतात पहारा दे."

"चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या! चांगलंय की."

"वांडा, मस्करी नको."

"मग जा टूसॉनला. ऊन खा. इथे काय, बर्फ उपसायचा."

"जाईन ना. उद्या जाईन. तिथे मला अजून एक वर्ष माझ्यासारखं खेळता येईल. एकच वर्ष, जास्त नाही मागत मी." त्याने सोललेला बटाटा पुन्हा सोलायला घेतला. "आणि ताता?"

मी कढईतले मासे उलटले.

"त्यांना विचार तरी," मी म्हटलं.

"विचारलं तर जाच म्हणतील. आणि मग रविवारी कुठे बसतील? कोणाला कोपर मारतील? नको. माझं ठरेपर्यंत काही बोलू नकोस."

तर असा तो अडकला. बाजू बदलली, पण एका बाबतीत अडून बसला. राखणदारांच्या त्या जागेला ऐंशीच्या घरातला नंबर लागतो. टिलॉट्सनने नवा शर्टही काढून ठेवला होता. कॅझ म्हणाला, माझा चौऱ्याण्णव मी उतरवणार नाही. मग नियमाप्रमाणे करावं लागेल, प्रशिक्षक म्हणाला. नियम असा की, ज्याचा नंबर त्या जागेचा नाही, त्याने दर वेळी आधी पंचापुढे जाऊन वर्दी द्यायची, आणि पंचाने ती सगळ्या स्टेडियमला भोंग्यावरून ऐकवायची, म्हणजे समोरच्यांची फसगत होऊ नये. दर वेळी शिपायासारखं पुढ्यात जाऊन उभं राहायचं. हट्टाची किंमत, दुसरं काय.

घरच्या मैदानावरच्या त्या पहिल्या सामन्याला सरोवरावरून बोचरा वारा सुटला होता. ताता पॉपकॉर्नवाल्याकडे तोंड करून बसले आणि थोड्याच वेळात अस्वस्थ झाले.

"कडेला दुसराच कुणी आहे. याची चाल वेगळी आहे. आपला कुठेय?"

"येईल," मी म्हटलं.

तेवढ्यात भोंगा खरखरला. वाऱ्याने पुढचं सगळं खाल्लं, एवढंच कानावर आलं, "...चौऱ्याण्णव..."

तातांची मान लाल झाली. आमच्या खेळात पंच नंबर पुकारतो तो बहुतेक वेळा चुकीबद्दल. "काय केलं याने?"

काही वेळाने पुन्हा, "...चौऱ्याण्णव..."

"अरे देवा, पुन्हा?" त्यांनी टोपी डोळ्यांवर ओढली. मागच्या रांगेतल्या लोकांनी ओळखू नये म्हणून. तिसऱ्यांदा पुकारा झाला तेव्हा तर पुटपुटायला लागले, "याला आज झालंय काय? दारू पिऊन आलाय का?" मला हसूही येईना, रडूही येईना.

मग ते एकदम थांबले. म्हातारा आंधळा झालाय, खुळा नाही.

"वांडा, चूक झाली तर चेंडू मागे नेतात."

"हो."

"चेंडू मागे नेला का?"

"नाही."

"मग माझ्या पोराचा नंबर कशाला पुकारतायत?"

सांगावं लागलं. बाजू बदलल्याचं सांगितलं. टूसॉनचं सांगितलं नाही, कारण शब्द दिला होता. त्यांनी ऐकून घेतलं आणि उरलेला सामना मान खाली घालून काढला. घरी सोडताना फक्त विचारलं, "त्याला लाज वाटते का गं त्याची?"

"वाटते, ताता."

"हं," म्हणाले, आणि काठी टेकत आत गेले.

पुढचे सगळे आठवडे कॅझ दिवसेंदिवस मिटत गेला. राखणदाराला चेंडू हलला की मागे सरकत समोरच्याला अंगावर घ्यावं लागतं. पुढे जायला शिकलेलं शरीर मागे सरायला तयार होत नव्हतं. "मागे पाय टाकला की वाटतं मी पडतोय," तो म्हणायचा. "समोरून येणारा माझ्यासारखाच असतो गं. कडेने येतो. मला कळतं तो आता काय करणार, आणि मला त्याच्या जागी असायचं असतं." रात्रीचं जेवण अर्धं टाकून द्यायचा. एकदा मी तातांकडे पिएरोगी, म्हणजे आमच्या उकडलेल्या करंज्या, घेऊन गेले तर हा गाडीत बसून होता, दारासमोर, इंजिन चालू. आत जाईना आणि निघूनही जाईना. मला त्याचा इतका राग आला आणि त्याच वेळी इतकी माया आली की मी काचेवर टकटक केली आणि पिएरोगीचा डबा त्याच्या मांडीवर ठेवला.

मुदतीच्या आधीच्या रविवारी सकाळी तो माझ्याकडे आला. कितीतरी दिवसांनी दाढी केलेली.

"टूसॉनवाल्यांशी बोललो. उद्या टिलॉट्सनला सांगतो, मंगळवारी सुटलो. आज सामना झाला की तातांना सांगणार. तू जवळ थांब."

"थांबते. मी आहे ना इथे त्यांच्याजवळ. रेडिओ लावून देईन. त्यांना तसंही काय दिसतं?"

"काही दिसत नाही, ना?" त्याने अगदी लहान मुलासारखं विचारलं.

"काही दिसत नाही. जा तू."

तो हसला. सामानाची बॅग भरून झाली आहे म्हणाला. मी त्याच्या पाठीत धपाटा घातला आणि म्हटलं, बैला, इतके दिवस कशाला घालवलेस?

त्या दिवशी ताता कारखान्याची जुनी टोपी घालून आले. गाडीत चुळबूळ करत होते, लग्नाला निघाल्यासारखे. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

पहिला पुकारा झाला. वारा पडलेला, सगळं स्पष्ट ऐकू आलं, "नंबर चौऱ्याण्णव वर्दी देत आहे." ताता काठीवर भार देऊन उठले, टोपी काढली आणि फुफ्फुसं फाटतील अशा आवाजात ओरडले, "हजर!"

कारखान्याच्या फाटकावर सकाळी फोरमन बिल्ल्याचे नंबर पुकारायचा आणि एकेक जण असाच ओरडायचा. या गावात असं घर नाही, जिथला कुणी ना कुणी त्या फाटकातून आत गेला नाही. आजूबाजूचे हसले. दुसऱ्या पुकाऱ्याला पुढच्या रांगेतला एक टक्कल पडलेला माणूस तातांबरोबर उठला. तिसऱ्याला आमचा सगळा भाग उठला. शेवटी शेवटी भोंगा नुसता खरखरला तरी पूर्वेकडच्या सगळ्या बाकांवरून एकच आवाज, "हजर!" बायका, पोरं, बिअरचे पेले उंचावलेले पुरुष. ज्यांचे बाप कधीच गेले, ते बापाच्या वतीने ओरडत होते.

कॅझने वर बघितलं. त्या गर्दीत त्याला ताता दिसले की नाही, कोण जाणे. तो क्षणभर तसाच उभा राहिला, मग आपल्या जागी गेला, चेंडू हलला, आणि माझा भाऊ मागे सरकला. सरळ, घट्ट, एकही पाऊल न चुकता. समोरचा त्याच्या अंगावर आपटून थांबला.

सगळे नाचत होते आणि मला एकटीला वाटत होतं, तातांना हाताला धरून खाली बसवावं, कानात सांगावं की गप्प बसा, तुम्ही त्याला बांधून घालताय. पण त्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि त्यांची टोपी पडू नये म्हणून तेवढी धरून ठेवली.

सामन्यानंतर कॅझ गाडीपाशी आला. माझ्या गाडीचं मागचं दार आतून उघडत नाही, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. तरी तो मागेच बसला. ताता पुढे. मी किल्ली फिरवली नाही.

"ऐकलंस का?" तातांनी त्याच्या कानाकडे तोंड केलं.

"ऐकलं, ताता."

"त्यात लाजण्यासारखं काय आहे? खरं सांगू, गेली दोन वर्षं तू मला धड दिसतही नव्हतास. अंदाजाने ‘तो माझा’ म्हणायचो. आता ते स्वतःहून सांगतात, तू कुठे आहेस. सगळ्या गावाला सांगतात." त्यांचा आवाज कापला. "राखणदार तर राखणदार. मला माझा पोरगा परत सापडला रे."

मी आरशात बघितलं. कॅझने तोंड उघडलं. मी मनात म्हणत होते, सांग, आत्ताच सांग, नंतर नाही जमायचं.

"तू काहीतरी बोलणार होतास ना?" तातांनी विचारलं. "वांडा सकाळी म्हणाली, तुला काही सांगायचंय."

"हो," कॅझ म्हणाला. "पुढच्या रविवारी जाड मोजे घाला. थंडी वाढणार आहे."

"घालीन की," ताता म्हणाले.

त्यांना घरी सोडलं, दिवा लावून दिला आणि कॅझच्या घरापाशी आले. उतरून मागचं दार बाहेरून उघडलं. आत दिव्याखाली दिवाणखान्यात त्याची भरलेली बॅग खिडकीतून दिसत होती.

"उतर," मी म्हटलं.

"उतरतो गं," तो म्हणाला, आणि दार सताड उघडं असूनही तसाच बसून राहिला.