मी शे ना

शहाद्यात माझं टायपिंगचं दुकान आहे. प्रतिज्ञापत्रं, लग्नपत्रिका, आणि निवडणूक आली की पत्रकं. गेल्या निवडणुकीत एक उमेदवार स्वतःच दुकानात आला. शिक्षण सगळं पुण्यात, बोलणं पुस्तकी. म्हणाला, "भाऊ, अहिराणीत भाषण लिहून द्या. बायांच्या काळजाला हात घालेल असं." मी हुरळून गेलो.

लिहिता लिहिता आईचं एक वाक्य आठवलं. लहानपणी मी तापाने फणफणलो की ती कपाळावर ओली पट्टी ठेवून म्हणायची, "रडू नको रे भाऊ, मी शे ना." 'मी आहे ना' असा धीर देणारं तेच वाक्य मी गावात दवाखाना आणण्याच्या आश्वासनाला जोडलं. त्याच्याकडून दहादा घोटून घेतलं. 'मी' म्हटल्यावर जरा थांबायचं, हेही मीच शिकवलं.

तापीकाठच्या आमच्या गावात सभा झाली. "माय, रडू नको. मी... शे ना!" बायांनी पदर डोळ्यांना लावले. पहिल्या रांगेत आई होती. घरी येताना म्हणाली, "खोटं बोलनारा नही हाऊ. आपला घरना वाटस." घरचा वाटणारच, वाक्य तिचंच होतं, पण मी बोललो नाही. मनातून तर मला स्वतःचा अभिमानच वाटत होता.

तो निवडून आला. दवाखान्याच्या जागेवर फलक लागला, त्यापुढे काही हललं नाही. इकडे आईला धाप लागू लागली, पाय सुजले. धुळ्याला चल म्हणून मी हातापाया पडलो. दवाखाना इथेच होणार, हे तिचं एकच, "आठेच व्हई ना दवाखाना. त्यानी सांगं शे." तेव्हा तरी तोंड उघडायला हवं होतं. माय, ते त्याचं नाही, तुझंच बोलणं, मीच त्याला दिलं. पण पोटच्या पोरानेच फसवलं हे तिला कळेल, या भीतीने मी गप्प बसलो. भित्राच मी.

शेवटी नेलं तेव्हा उशीर झाला होता. गाडीत ती माझा हात घट्ट धरून रडत होती. ते तीन शब्द ओठांपर्यंत आले, पण म्हणवेनात. मला ते आता सभेतलेच वाटत होते. धुळ्याला पोचण्याआधीच ती गेली.

दुखवटा सोडण्याच्या, गंधमुक्तीच्या दिवशी तो आला. आईच्या फोटोला हार घातला, माझ्या खांद्यावर हात ठेवला. "रडू नको रे भाऊ," म्हणाला. "मी..." जरा थांबला. "शे ना."

आणि मी, सगळं ठाऊक असून, त्याच्या गळ्यात पडून रडलो.